कॅप्टनसाहेबांचा मोठा बी

इंग्रजीच्या व्याकरणाचे पुस्तक उघडले की पहिल्या चार-पाच पानांतच नामाचे दोन भाऊ भेटतात. एक सामान्यनाम, दुसरे विशेषनाम. ‘रिव्हर’ हे सामान्यनाम, कारण नद्या पुष्कळ; ‘थेम्स’ हे विशेषनाम, कारण ती एकच. ‘सिटी’ सामान्य, ‘लंडन’ विशेष. आणि खूण काय? तर विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे काढायचे. मास्तर फळ्यावर असे लिहितात, मुले वहीत उतरवून घेतात, आणि सगळ्यांनाच वाटते की चला, हे प्रकरण मिटले.

पण वाचकहो, मिटते कसले? आकाशातला सूर्य एकच आहे, तरी इंग्रज एरवी ‘सन’ लहान अक्षराने लिहितो. सोमवार दर आठवड्याला येतो, वर्षाला बावन्न येतात, तरी ‘मंडे’ला मोठे अक्षर. एप्रिल महिन्याला मोठे आणि ज्या वसंतात तो एप्रिल येतो त्या ‘स्प्रिंग’ला मात्र लहान! एखाद्या चौकस मुलाने विचारले, की “गुरुजी, हे असं का?” तर त्याला बहुधा “पाठ कर” एवढेच उत्तर मिळते. मुलाचा प्रश्न मात्र बरोबर असतो. एकच वस्तू असली म्हणजे विशेषनाम, हा नियम पुरा पडत नाही. मग विशेषनाम ओळखावे कसे? आणि मोठ्या अक्षराशी त्याचे लग्न लागले कधी? थोडा इतिहास पाहू. आणि त्यानंतर एका माणसाची गोष्ट पाहू. त्याच्या आडनावाचे मोठे अक्षर आयर्लंडच्या शेतकऱ्यांनी जे काढून घेतले, ते आजतागायत परत मिळालेले नाही.

आधी शब्दाचाच घोळ काढू. इंग्रजीत विशेषनामाला ‘प्रॉपर नाउन’ म्हणतात, आणि आपल्याकडे ‘प्रॉपर’ म्हणजे ‘योग्य’, ‘नीटनेटके’. त्यामुळे बाकीची नामे काय अयोग्य आहेत की काय, असे वाटून जाते. इथला ‘प्रॉपर’ लॅटिनमधून आला आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘स्वतःचे’, ‘ज्याचे त्याचे’. म्हणजे प्रॉपर नाउन हे ज्याचे त्याच्या मालकीचे नाव. मालकीचा हा अर्थ ध्यानात ठेवा, पुढे तो कोर्टात उभा राहणार आहे.

हा भेद फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या डायोनिसियस थ्रॅक्स या ग्रीक वैयाकरणाच्या नावावर जे छोटेसे व्याकरण आहे, त्यात एका बाजूला होमर आणि सॉक्रेटिस, तर दुसऱ्या बाजूला माणूस आणि घोडा अशी उदाहरणे दिली आहेत. त्याही आधी स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ होते, ते तर या दोहोंना एकाच जातीचे शब्द मानायलाच तयार नव्हते. पुढे लॅटिनमध्ये डोनेटसने रोम व टायबर एकीकडे आणि नगर व नदी दुसरीकडे अशी मांडणी केली. आपल्या शाळेतली नदी आणि शहराची उदाहरणे अशी दीड हजार वर्षांहून जुनी आहेत! मास्तर बदलले, फळे बदलले, नदी तीच वाहते आहे.

आपल्याकडेही हा विचार झाला होता, आणि माझ्या मते तो अधिक बारकाईने झाला होता. पतंजलीने महाभाष्यात शब्दांचे चार वर्ग सांगितले: जाती सांगणारे, गुण सांगणारे, क्रिया सांगणारे, आणि चौथे यदृच्छाशब्द. यदृच्छा म्हणजे मनाला आले म्हणून. गाय हा जातिशब्द. पण कोणी आपल्या पोराचे नाव ‘डित्थ’ ठेवले, तर त्या शब्दात जात नाही, गुण नाही, क्रिया नाही. बापाच्या मनाला आले एवढेच. पाश्चात्त्यांकडे हीच गोष्ट नेटकेपणाने सांगितली ती जॉन स्ट्युअर्ट मिलने, १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात. (हा मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत पस्तीस वर्षे नोकरीला होता.) त्याचे म्हणणे असे: सामान्यनाम वस्तूकडे बोट दाखवते आणि वस्तूविषयी काही सांगतेही, विशेषनाम नुसतेच बोट दाखवते. डार्टमथ म्हणजे डार्ट नदीच्या मुखावरचे गाव. पण उद्या भूकंपाने नदीचे पात्र हलले आणि मुख दूर गेले, तरी गाव डार्टमथच राहील. आपल्या आजीने हेच एका ओळीत सांगून ठेवले आहे, ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’. सोनुबाईकडे सोने नसले तरी ती सोनुबाईच. पण ज्यात सोने नाही त्याला ‘सोने’ म्हणता येत नाही. विशेषनाम आणि सामान्यनाम यांतला भेद तो हा.

आता मोठ्या अक्षराकडे वळू. रोमन लोकांच्या शिलालेखांत सगळीच अक्षरे मोठी होती, लहान नव्हतीच. हाताने भराभर लिहिताना अक्षरे गोल झाली, लहान झाली, आणि शार्लमेनच्या काळात, म्हणजे सन ८०० च्या सुमारास, लहान अक्षरांचे एक सुबक वळण युरोपभर रूढ झाले. जुनी मोठी अक्षरे मग शोभेपुरती राहिली: प्रकरणाच्या आरंभी, वाक्याच्या आरंभी, देवाच्या नावाला. छापखाने आले तेव्हा खिळेजुळाऱ्याच्या पुढ्यात दोन पेट्या असत. वरच्या पेटीत मोठ्या अक्षरांचे खिळे, खालच्या पेटीत लहान अक्षरांचे. म्हणूनच आजही इंग्रजीत त्यांना ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ म्हणतात. संगणकात पेटी राहिली नाही, नाव राहिले.

गंमत अशी की मोठे अक्षर हे विशेषनामाचेच चिन्ह, हा नियम इंग्रजीत मुळीच जुना नाही. सतराव्या आणि अठराव्या शतकातली इंग्रजी पुस्तके उघडून पाहा. त्यांत घर, घोडा, न्याय, दुःख अशा साध्या नामांनाही सर्रास मोठे अक्षर दिलेले दिसेल. १७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितात तर जवळजवळ प्रत्येक नाम टोपी घालून उभे आहे. जर्मनीत आजही हीच रीत आहे. मेज असो की मंत्री, नाम म्हटले की मोठे अक्षर. डॅनिश लोकांनी ती १९४८ साली सोडली. इंग्रजीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सामान्यनामांच्या डोक्यावरची ही टोपी उतरली, आणि ती उतरल्याचे सर्वांनाच आवडले असे नाही. बेंजामिन फ्रँकलिन हा मुळात छापखानेवाला. १७८९ साली, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्याने कोशकार नोआ वेब्स्टरला पत्र लिहून तक्रार केली, की जुनी रीत सोडल्याने वाचणे अवघड झाले आहे. म्हाताऱ्याचे कोणी ऐकले नाही. मोठे अक्षर विशेषनामाच्या एकट्याच्या मालकीचे झाले, आणि तेव्हापासून इंग्रजीत एक नवीच सोय झाली. शब्दाचे पहिले अक्षर लहान झाले, की तो शब्द मालकाच्या हातून सुटला असे समजायचे.

असा सुटलेला एक शब्द म्हणजे ‘बॉयकॉट’. तो आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे, पण त्या नावाचा माणूस ओळखीचा नाही.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट याचा जन्म १८३२ सालचा, इंग्लंडमधील नॉरफॉक परगण्यातला. काही काळ तो सैन्यात होता. पुढे लोक त्याला ‘कॅप्टन’ म्हणत, पण हे आपल्याकडे कोणालाही ‘फौजदार’ म्हणावे त्यातलेच. पश्चिम आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉक मास्क नावाच्या तळ्याकाठी तो राहात होता. स्वतःची शेती करी आणि लॉर्ड अर्न या जमीनदाराचा मुखत्यार म्हणून कुळांकडून खंड वसूल करी. जमीनदार दूर, कूळ जवळ आणि मध्ये मुखत्यार. या व्यवस्थेत शिव्या कोणाच्या वाट्याला येतात, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको.

१८४५ पासूनचा बटाट्याचा भीषण दुष्काळ आयरिश माणूस विसरला नव्हता. १८७९ साली पुन्हा पीक बुडाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेयोतल्याच कॅसलबार गावी आयरिश लँड लीग स्थापन झाली. मायकेल डेव्हिट तिचा प्राण, चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल तिचा अध्यक्ष. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस येथील सभेत पार्नेलने जमावाला विचारले, की बेदखल झालेल्या शेजाऱ्याची जमीन जो लबाडीने पदरात पाडून घेतो, त्याचे तुम्ही काय कराल? गर्दीतून आवाज आला, “गोळी घाला!” पार्नेल म्हणाला, याहून चांगला, ख्रिस्ती धर्माला साजेसा उपाय आहे. तो रस्त्यात दिसला तर बोलू नका, दुकानात दिसला तर बोलू नका, बाजारात नाही, देवळातही नाही. महारोग्यासारखा त्याला एकटा टाका.

तीनच दिवसांनी लॉक मास्कला ठिणगी पडली. कुळांनी खंडात शेकडा पंचवीस सूट मागितली होती, लॉर्ड अर्न शेकडा दहा द्यायला तयार होता. बॉयकॉटने बेदखलीच्या नोटिसा काढल्या. २२ सप्टेंबरला नोटिसा बजावणारा बेलिफ निघाला. दोन-चार घरी कागद लागले, आणि मग बायका बाहेर पडल्या. चिखल, शेण, दगड, हाताला लागेल ते! बेलिफ पळत पळत बॉयकॉटच्या घरात शिरला. दुसऱ्या दिवशी लोकांनी जाऊन बॉयकॉटच्या गड्यांना, मोलकरणींना सांगितले, निघा. ते निघाले. काही आपखुशीने, काही भीतीने. हेही सांगितले पाहिजे. लोहार येईना, धोबीण कपडे घेईना, बॅलिनरोबचे दुकानदार पाव देईनात. टपाल आणायला घरातला कोवळा पुतण्या जाऊ लागला. पीक शेतात उभे, कापायला माणूस नाही. ऑक्टोबरात बॉयकॉटने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून आपली कर्मकहाणी सांगितली, आणि मेयोतल्या एका खेड्याचे भांडण सगळ्या ब्रिटनचे झाले.

मग जे झाले त्याला तमाशाच म्हटले पाहिजे. उत्तरेकडच्या अल्स्टरमधून पन्नास ऑरेंजमन, म्हणजे राजनिष्ठ प्रॉटेस्टंट, स्वयंसेवक म्हणून पीक काढायला आले. त्यांच्या रक्षणासाठी सरकारने सुमारे हजार सैनिक आणि पोलीस पाठवले. नोव्हेंबरचा पाऊस, चिखल, तंबू, घोडे. सलगम आणि बटाटे उपटायला पलटण उभी! सुमारे पाचशे पौंडांचे पीक काढायला दहा हजार पौंड खर्च आला असे त्या वेळी धरले गेले. रक्षणकर्त्या फौजेने कॅप्टनसाहेबांच्या हिरवळीची पार वाट लावली ती निराळीच. नोव्हेंबरच्या अखेरीस काम संपले आणि बॉयकॉट कुटुंब लष्करी रुग्णवाहिकेतून बाहेर पडले. कारण गाडी हाकायला गाडीवान मिळेना.

पण आपला विषय शब्दाचा. तो कोणी काढला? जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन बातमीदार तेव्हा मेयोत होता. त्याने पुढे लिहून ठेवले आहे, की गावचे कॅथलिक धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांच्याकडे तो जेवायला बसला होता आणि घास घशाखाली उतरत नव्हता. काय झाले म्हणून फादरनी विचारले. रेडपाथ म्हणाला, या प्रकाराला शब्द सापडत नाही. ‘ऑस्ट्रसिझम’ हा ग्रीकांचा शब्द आहे, पण तो या शेतकऱ्यांना कसा कळायचा? फादर क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, त्याला ‘बॉयकॉट करणे’ म्हटले तर? नोव्हेंबर १८८० मध्ये तर हा शब्द खुद्द ‘टाइम्स’मध्ये दिसू लागला. सप्टेंबरात भांडण, नोव्हेंबरात शब्द!

आता व्याकरणाच्या चष्म्यातून पाहा, या आडनावाचे काय काय झाले. प्रथम ते क्रियापद झाले, त्याला भूतकाळाची शेपटी लागली. मग परत नाम झाले, पण आता त्याच्या पुढे ‘अ’ हे उपपद बसू लागले, म्हणजे ‘एक बॉयकॉट’. मग अनेकवचन झाले. सुरुवातीला त्याचा बी मोठा होता, पुष्कळदा अवतरणचिन्हांत असे, पाहुण्याला बैठकीत बसवावे तसा. थोड्या वर्षांत अवतरणचिन्हे गळाली, बी लहान झाला. इंग्रजीत विशेषनाम ओळखण्याची खरी कसोटी ही. पुढे ‘अ’ बसते का? अनेकवचन होते का? आणि मिलच्या भाषेत, शब्द नुसता बोट दाखवतो की काही सांगतो? सप्टेंबरपर्यंत हा शब्द एका माणसाकडे बोट दाखवीत होता. डिसेंबरपर्यंत तो एक कृती सांगू लागला, आणि त्या माणसाशी त्याला काही देणेघेणे उरले नाही. उलट पाहिले तर आणखी गंमत आहे. ज्याच्यावर ही कृती झाली त्याचेच नाव कृतीला मिळाले! मार ज्याने खाल्ला त्याचे नाव माराला. त्यातून हे आडनावही मुळात ‘बॉयकॅट’ होते. चार्ल्स लहान असतानाच, १८४१ साली, घराण्याने ते बदलून घेतले होते. म्हणजे बापाने हौसेने नीट करून घेतलेले आडनाव पोराच्या हातून जगाने नेले. फ्रेंच, जर्मन, डच, रशियन भाषांत ते गेले. जपानीत जाऊन पोहोचले.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. डिसेंबर १८७४ मध्ये, म्हणजे लॉक मास्कच्या सहा वर्षे आधी, पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने हुकूमनामा मिळवून दीडशे रुपयांच्या कर्जापायी एका देशमुखाचे घर पाडले. गाव पेटले नाही, गाव गप्प झाले. सावकारांची शेते कोणी कसेना, न्हावी हजामत करीना, धोबी कपडे धुईना. मे १८७५ मध्ये सुपे येथे दंगा उसळला, आणि इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून नोंद झाली ती त्या दंग्यांची. त्यावर कमिशन बसले, १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पण करड्याच्या त्या मुक्या लढ्याचे नाव जगभर झाले नाही. का? बातमीदार नव्हता म्हणून? असेल. पण मला वाटते, दुसरेही कारण आहे. आमच्याकडे या गोष्टीला शब्द आधीच होता. ‘वाळीत टाकणे’ हा वाक्प्रचार घरोघर होता, ‘ग्रामण्य’ होते, ‘बहिष्कार’ होता. नव्या शब्दाची गरज आयर्लंडला पडली, आम्हांला नाही.

आणि आमच्या शब्दांची चव कडू होती. आयर्लंडात दुबळ्याने बलवंताला एकटे पाडले. आमच्या गावगाड्यात बहुतेक वेळा बलवंत दुबळ्याला एकटे पाडी. जातीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले की त्याचे लग्नकार्य अडे, प्रेताला खांदा मिळत नसे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून खुद्द लोकमान्य टिळकांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. त्याच टिळकांनी १९०५ नंतर, वंगभंगाच्या चळवळीत, ‘बहिष्कार’ हा शब्द परकी सरकारच्या मालावर उलटवला. ७ ऑगस्ट १९०५ ला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालाच्या बहिष्काराचा ठराव झाला आणि ऑक्टोबरात पुण्यात विलायती कपड्यांची होळी पेटली. इंग्रजी वर्तमानपत्रे लिहीत ‘बॉयकॉट’, मराठी पत्रे लिहीत ‘बहिष्कार’. आयरिश खेड्यातले विशेषनाम आणि धर्मशास्त्रातले सामान्यनाम अशी एकमेकांच्या गळ्यात गळा घालून उभी राहिली. पण जुना अर्थ काही मेला नव्हता. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली आपल्या पाक्षिकाला ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले, तेव्हा त्यांच्यापुढे मँचेस्टरचे कापड नव्हते. पाणवठ्यावर हक्क सांगितला म्हणून ज्यांना दुकानदार माल देत नाही आणि शेतमालक काम देत नाही, अशी माणसे होती. आणि २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून तो अर्थ किती चिवट आहे ते दिसते.

बरं, मराठीत मोठे-लहान अक्षर नाही. मग आपण कसे ओळखतो? ‘आशा सोडली’ यात आशा कोण, की काय? देवनागरी काही सांगत नाही. मागचे-पुढचे वाक्य सांगते. कधी लिंग सांगते: ‘कमल आली’ म्हणजे बाई, ‘कमल उमलले’ म्हणजे फूल. कधी ‘राव’, ‘पंत’, ‘बाई’ जोडून आपण वाट दाखवतो. आणि विशेषनामाचे सामान्यनाम करण्यात तर मराठी माणसाचा हात कोणी धरू नये. ‘आमच्या आळीत तीन नारद आहेत’, ‘झारीतला शुक्राचार्य’, ‘घरचा बिभीषण’, ‘उठला का आमचा कुंभकर्ण?’ यातल्या एकाही शब्दाला टोपी नाही, आणि एकाही वाचकाचा गोंधळ होत नाही. अडचण येते ती हीच वाक्ये इंग्रजीत लिहिताना. नारदाचा एन मोठा ठेवायचा की लहान? जोवर ऐकणाऱ्याला मूळ नारद आठवतो, तोवर मोठा ठेवावा. इंग्रजीचा कल असाच आहे. मूळ मालक विसरला की लहान.

आपली गावेही या वाटेने इंग्रजीत गेली आहेत. मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावावरून जाड्याभरड्या कापडाला ‘डंगरी’ म्हणू लागले, असे कोशकार सांगतात. पुढे त्या कापडाच्या विजारी ‘डंगरीज’ झाल्या. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत गोरे सोजीर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची महिनोन् महिने वाट पाहात कंटाळून भ्रमिष्ट होत, म्हणून ‘डूलाली’ म्हणजे डोके फिरलेला. कॅलिकतचे ‘कॅलिको’ झाले. जगन्नाथाच्या रथावरून ‘जगरनॉट’ झाला आणि आज इंग्लंडच्या रस्त्यावरच्या अवाढव्य मालमोटारीलाही तो शब्द चालतो. या सगळ्यांची पहिली अक्षरे लहान. गावांना आणि देवांना कोर्टात जाता येत नाही.

कंपन्यांना मात्र जाता येते. बायर या जर्मन कंपनीने १८९९ साली आपल्या औषधाला ‘ॲस्पिरिन’ असे घडवलेले नाव दिले. १९२१ साली अमेरिकेत न्यायमूर्ती लर्नेड हँड यांच्यापुढे खटला चालला. हँड यांनी विचारलेला प्रश्न अगदी व्याकरणाचा होता. गिऱ्हाईक हा शब्द उच्चारते तेव्हा तिच्या मनात काय असते, बायरचा माल की ती जातीची गोळी? त्यांनी निकाल दिला, की डॉक्टर आणि औषधविक्रेते यांच्यापुरते ते विशेषनाम आहे, पण सामान्य गिऱ्हाइकाच्या तोंडी ते सामान्यनाम झाले आहे. म्हणजे एकच शब्द, एकाच शहरात, दुकानाच्या गल्ल्यापलीकडे विशेष आणि गल्ल्याअलीकडे सामान्य! शेजारच्या कॅनडात मात्र तो आजही बायरच्या मालकीचा आहे.

थर्मासचे प्रकरण याहून मजेदार. आपण मराठीत ‘थर्मास’ म्हणतो ती बाटली जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ साली प्रयोगशाळेसाठी बनवली. तिचे पेटंट त्याने घेतले नाही. ‘थर्मॉस’ हे नाव १९०४ साली जर्मनीत पडले. अमेरिकेतल्या कंपनीने सुरुवातीच्या काळात हे नाव घराघरांतल्या लोकांच्या तोंडी बसावे म्हणून स्वतःच खूप जाहिरात केली, आणि तेच तिच्या अंगाशी आले. अलादिन नावाच्या दुसऱ्या कंपनीने आपल्या बाटलीलाही हा शब्द वापरायचा ठरवल्यावर भांडण कोर्टात गेले. ओळख असणाऱ्या प्रौढांपैकी शेकडा पंचाहत्तर लोक अशा कोणत्याही बाटलीला थर्मॉसच म्हणतात, आणि हे एका कंपनीचे नाव आहे हे शेकडा बारांनाच ठाऊक आहे, असे चौकशीत दिसून आले. १९६३ साली अपील कोर्टाने निकाल कायम केला. शब्द सामान्यनाम झाला आहे, अलादिनने तो खुशाल वापरावा. मात्र त्याआधी स्वतःचे नाव जोडावे आणि ‘टी’ नेहमी लहान लिहावा. मोठ्या ‘टी’चा थर्मॉस जुन्या मालकाकडेच राहील. शब्दाची वाटणी न्यायाधीशांनी अशी पहिल्या अक्षरावर केली. फ्रँकलिनने हे पाहिले असते तर त्याला काय वाटले असते, कोण जाणे. आणि हा निकाल देवनागरीत कसा छापायचा, ते एखाद्या खिळेजुळाऱ्यालाच विचारलेले बरे.

कॅप्टन बॉयकॉट यांनी मात्र कोर्टात धाव घेतली नाही. ते पुढे इंग्लंडात सफोक परगण्यात फ्लिक्स्टन येथे एका इस्टेटीचे मुखत्यार झाले आणि १८९७ साली वारले. डिसेंबर १९८१ मध्ये दिल्लीच्या कसोटी सामन्यात याच आडनावाच्या, यॉर्कशायरच्या जेफ्री बॉयकॉटने गॅरी सोबर्सचा सर्वाधिक धावांचा विक्रम मोडला. दक्षिण आफ्रिकेशी त्याचे संबंध होते म्हणून त्याच्या येण्यालाच आपल्या सरकारचा आक्षेप होता आणि तो दौरा रद्द होता होता राहिला. त्या दिवसांत इंग्रजी वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वाक्याच्या आरंभी हा शब्द दिसला, की पुढचा शब्द वाचेपर्यंत थांबावे लागे.